विचारल्याशिवाय आउट नाही

गेल्या हिवाळ्यात भाचीच्या शाळेचा बेसबॉलचा सामना पाहायला गेलो होतो. बेसबॉल म्हटलं की आमच्याकडे अजूनही लोकांना अमेरिकाच आठवते. पण शालेय स्पर्धांच्या यादीत बेसबॉल आणि सॉफ्टबॉल दोन्ही आहेत, आणि कबड्डीच्या मैदानाला लागूनच ग्लोव्ह घातलेल्या पोरी पळताना दिसतात.

भाची कॅचर होती. सामना बरोबरीत होता. समोरच्या संघाची एक मुलगी दुसऱ्या बेसवरून सुटली, तिसऱ्या बेसला वळसा घालून थेट होमवर आली. वळताना तिचा पाय तिसऱ्या बेसला लागलाच नाही, वीतभर आतून गेली. मी रेषेबाहेर उभा होतो, मला दिसलं. शेजारी उभ्या असलेल्या दोघा पालकांनाही दिसलं. तरी रन धरला गेला. आमच्या मुली एकमेकींकडे पाहत राहिल्या, आपसात कुजबुजल्या, पण अंपायरकडे एकही गेली नाही. पिचरने पुढचा बॉल टाकला. सामना शेवटी त्या एका रननेच गेला.

सामना संपल्यावर भाचीने धीर करून अंपायर सरांना विचारलं, "सर, तिनं थर्ड बेस चुकवला होता. तुम्हाला दिसलं नाही का?"

सर शांतपणे म्हणाले, "दिसलं होतं की, बेटा. तुम्ही विचारलंच नाही."

पेडगाव येईपर्यंत ती गाडीवर मागे गप्प बसून होती. घरासमोर उतरल्यावर म्हणाली, "मामा, त्यांना दिसलं होतं, तर बोलले कामून नाहीत?"

मी क्रिकेटवर वाढलेला माणूस. "नियमच तसा असेल," एवढं बोलून मी वेळ मारून नेली. पण तिचा प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. ज्याचं कामच बघणं आहे, त्याने बघून गप्प का बसावं? शोधायला लागलो तर या प्रश्नाला पावणेतीनशे वर्षांहून मोठा इतिहास निघाला, आणि त्यात आपल्या मुंबईचाही एक सामना निघाला.

नियमाने पांघरलेलं वेड

परभणी तालुक्यातल्या पेडगावचा माणूस कुठेही गेला आणि त्याने गावाचं नाव सांगितलं की समोरचा हसतो. त्याला 'वेड पांघरून पेडगावला जाणे' आठवलेलं असतं. मग आम्हाला सांगावं लागतं की बाबा, ते पेडगाव वेगळं. ते श्रीगोंदा तालुक्यातलं, भीमेच्या काठचं, बहादूरगडाचं. म्हणीमागची गोष्टही तिथलीच सांगतात. मराठ्यांच्या एका तुकडीने हुलकावणी देऊन मुघल फौजेला छावणीपासून लांब नेलं आणि दुसऱ्या तुकडीने मागे छावणी लुटली, अशी ती गोष्ट. गोष्टीतलं खरं-खोटं काहीही असो, म्हणीचा अर्थ पक्का आहे. सगळं ठाऊक असून काहीच ठाऊक नसल्यासारखं वागायचं.

बेसबॉलचा अंपायर काही प्रसंगी नेमकं हेच करतो, आणि ते नियमाने करतो.

एरवी बेसबॉलमध्ये अंपायर आउट स्वतःहूनच देतो. झेल घेतला, रनरला बॉल लावला, तीन स्ट्राइक झाले, तर कोणी विचारायची गरज नसते. पण काही चुका अशा आहेत की त्या मागितल्यावरच आउट ठरतात. बेसला पाय न लावता पुढे जाणं ही त्यातली एक. उंच उडालेला बॉल झेलला जाण्याआधीच बेस सोडणं आणि परत येऊन तो न शिवणं ही दुसरी. ठरलेल्या क्रमाबाहेर भलत्याच खेळाडूने बॅटिंगला येणं ही तिसरी. अशा मागणीला अपील प्ले म्हणतात.

मागायची रीतही ठरलेली आहे. बेस चुकला असेल तर बॉल हातात घेऊन त्या बेसवर पाय ठेवायचा किंवा त्या रनरला बॉल लावायचा, आणि अंपायरला कळेल असं सांगायचं की अमुक रनरने हा बेस चुकवला. बॉल हातात असताना सहज बेसवर पाय पडला, तर ते अपील होत नाही. आपण विचारतो आहोत हे अंपायरला स्पष्ट कळलं पाहिजे.

शिवाय याला मुदत आहे. पिचरने पुढचा बॉल टाकला, किंवा मधेच दुसरा काही प्ले झाला, की अपील करायचा हक्क संपला. अपील करायला म्हणून बॉल फेकला आणि तो मैदानाबाहेर गेला, तर त्याच रनरवर त्याच बेससाठी पुन्हा विचारता येत नाही. अपीलच्या गडबडीत पिचरने बेकायदा हालचाल केली, तरीही अपील हातचं जातं. आमच्या पिचरने पुढचा बॉल टाकला तेव्हाच तो सामना कागदोपत्री संपला होता, फक्त मुलींना ते माहीत नव्हतं.

क्रम चुकवून आलेल्या बॅटरबद्दलचा नियम तर आणखी स्पष्ट आहे. चुकीची बॅटर समोर उभी आहे हे अंपायरला कळलं, तरी त्याने त्याकडे कोणाचंही लक्ष वेधायचं नाही. स्कोअररनेही नाही. वही समोर आहे, नाव चुकलंय हे दिसतंय, आणि तरी तोंड बंद ठेवायचं. म्हणजे वेड पांघरायचं, आणि तेही नियमाच्या पुस्तकाने सांगितलंय म्हणून.

१७४४ ची दोन कलमं

क्रिकेटमध्ये हे आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की त्यातला विचित्रपणा जाणवतच नाही. क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघातल्या कोणीतरी 'हाउज दॅट' विचारल्याशिवाय पंच फलंदाजाला बाद देऊ शकत नाही, मग नियमाप्रमाणे तो बाद असला तरी. आजच्या नियमावलीत हे ३१ वं कलम आहे. इथेही मुदत आहेच. गोलंदाज पुढच्या चेंडूसाठी धावू लागण्याआधी विचारायचं. पायचीतचा चेंडू सरळ यष्टीवर जाणारा असला आणि कोणीच ओरडलं नाही, तर पंच खिशात हात घालून उभा राहील.

हा नियम क्रिकेटच्या सर्वांत जुन्या उपलब्ध नियमावलीत सापडतो. ती इंग्लंडमध्ये १७४४ मध्ये तयार झाली. पानिपतची लढाई अजून सतरा वर्षं दूर होती, एवढी जुनी. त्यात पंचांबद्दल म्हटलंय की कोणा खेळाडूने अपील केल्याशिवाय त्यांनी कोणालाही बाद देऊ नये.

पण त्याच नियमावलीत दुसरं एक कलम आहे, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. ते नो-बॉलबद्दल आहे. गोलंदाजाचा मागचा पाय रेषेपुढे पडला तर पंचाने नो-बॉल पुकारायचा, आणि तो कोणी न विचारता पुकारायचा. इतकंच नाही, तो पुकारा असं पंचाला सांगायचा अधिकारही कोणाला नाही.

ही दोन कलमं शेजारी ठेवून पाहा. फलंदाज बाद आहे की नाही हे विचारल्यावर सांगायचं. गोलंदाजाने चूक केली तर विचारण्याची वाट पाहायची नाही. एकाच कागदावर पंचाची दोन रूपं आहेत, एक गप्प राहणारं आणि एक आपणहून बोलणारं.

असं का केलं असेल याचं कारण त्या नियमावलीत दिलेलं नाही. मला जे वाटतं ते सांगतो. चेंडू गोलंदाजाच्या हातात असतो. खेळ कधी सुरू करायचा, कुठून, किती वेगाने, हे तो ठरवतो. समोरच्याला फक्त उत्तर द्यायचं असतं. ज्याच्या हातात सुरुवात, त्याच्यावर नजर ठेवायचं काम पंचाचं, आणि ते कोणाच्या तक्रारीवर सोडलेलं नाही.

पिचरची हुलकावणी

बेसबॉलने पिचरबद्दल हेच केलं. न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबने १८४५ मध्ये लिहून काढलेल्या नियमांत 'बॉक' हा शब्द आहे. बॉक म्हणजे पिचरची खोटी हालचाल. बॉल टाकतोय असं दाखवायचं आणि टाकायचा नाही, म्हणजे बेसवरचा रनर फसून पुढे पळतो आणि अलगद सापडतो. आजच्या नियमात बॉक झाला की बेसवरच्या रनरना एकेक बेस पुढे मिळतो. आणि बॉक अंपायर स्वतःहून पुकारतो, कोणी मागायची वाट पाहत नाही.

पिचरने किती थांबायचं, खांदा किती हलवायचा, पाय कुठे टाकायचा, याचं बारीक वर्णन नियमात आहे, आणि त्याचा अर्थ लावण्यावरून भांडणं होत आली आहेत. १९८८ मध्ये अमेरिकेच्या मेजर लीगने पिचरच्या थांबण्याबद्दलचे शब्द थोडे बदलले. तो थांबा आता डोळ्याला दिसेल असा हवा, एवढाच मुद्दा. त्या एका हंगामात नऊशेहून जास्त बॉक पुकारले गेले. आदल्या वर्षी याच्या निम्मेही नव्हते. पिचर रातोरात लबाड झाले नव्हते. अंपायरना जास्त काटेकोर बघायला सांगितलं गेलं होतं, एवढंच.

इथे आपले खेळ आठवतात. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये खो-खोचे नियम बांधायला घेतले. त्या खेळात बसलेल्या खेळाडूने खो मिळायच्या आत उठलं, पाठलाग करणाऱ्याने दिशा बदलली, मधली पट्टी ओलांडली, की पंचाची शिट्टी वाजते. कोणी विचारावं लागत नाही. कबड्डीतही रेडरचा दम तुटला की पंच आपणहून सांगतो. आमच्या पोरी या खेळांवर वाढल्या आहेत. चूक झाली की शिट्टी वाजेल, ही त्यांची समजूत. त्या दिवशी त्या शिट्टीची वाट पाहत होत्या. त्या भित्र्या नव्हत्या, त्यांना दुसऱ्या खेळाचा शिष्टाचार माहीत नव्हता.

एकोणीस वर्षांचा मर्कल

विचारण्याने काय होऊ शकतं, याची बेसबॉलमधली सर्वांत गाजलेली गोष्ट १९०८ मधली आहे.

आधी एक नियम समजून घेऊ. बॅटरने बॉल मारला आणि तो पहिल्या बेसकडे पळाला, की पहिल्या बेसवर उभ्या असलेल्या रनरला जागा रिकामी करून दुसऱ्या बेसवर जावंच लागतं. तो पोचण्याआधी क्षेत्ररक्षकाने बॉल घेऊन दुसऱ्या बेसवर पाय ठेवला की तो आउट. आणि इनिंगमधला तिसरा आउट असा झाला, तर त्याच प्लेमध्ये दुसऱ्या कोणी काढलेला रन धरत नाहीत.

हा नियम पुस्तकात होता. पण सामना जिंकून देणारा फटका बसला आणि तिसऱ्या बेसवरचा रनर होमवर पोचला, की बाकीचे रनर अर्ध्या वाटेतूनच तंबूकडे पळायचे. प्रेक्षक मैदानात घुसायचे, कोणी काही म्हणायचं नाही. शिकागो कब्जचा जॉनी एव्हर्स हा नियम पाठ असलेला खेळाडू होता. ४ सप्टेंबर १९०८ ला पिट्सबर्गमध्ये समोरच्या संघाच्या रनरने असंच केलं. एव्हर्सने दुसऱ्या बेसवर उभं राहून अंपायर हँक ओडे यांच्याकडे आउट मागितला. ओडे त्या दिवशी एकटेच अंपायर होते आणि होमकडे बघत होते. आपण पाहिलं नाही, असं ते म्हणाले. आउट मिळाला नाही आणि सामना गेला.

एकोणीस दिवसांनी, २३ सप्टेंबरला, न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर तेच दोन खेळणारे पुन्हा समोरासमोर आले, एव्हर्स आणि ओडे. न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध १-१ अशी बरोबरी, शेवटची इनिंग, दोन आउट. पहिल्या बेसवर फ्रेड मर्कल होता. वय १९. नेहमीचा खेळाडू दुखण्यामुळे बाहेर बसल्याने त्याला त्या दिवशी खेळायला मिळालं होतं. बॅटरने फटका मारला, तिसऱ्या बेसवरचा रनर होमवर आला, लोक मैदानात धावले. मर्कल दुसऱ्या बेसला न शिवताच क्लबहाऊसकडे वळला, सगळे वळायचे तसा. एव्हर्स ओरडून बॉल मागत होता. जायंट्सच्या एका माणसाच्या लक्षात आलं आणि त्याने बॉल गर्दीत भिरकावला, असं सांगतात. एव्हर्स कुठून तरी एक बॉल घेऊन बेसवर उभा राहिला. तो मूळचाच बॉल होता की नाही यावर आजही वाद आहे.

या वेळी अंपायर दोन होते, पण दुसऱ्याला बेस दिसला नव्हता. ओडे मात्र बघत होते. त्यांनी मर्कलला आउट दिलं. रन रद्द झाला, सामना बरोबरीत राहिला. हंगाम संपला तेव्हा दोन्ही संघ अगदी बरोबर होते, म्हणून ८ ऑक्टोबरला पुन्हा सामना झाला आणि कब्ज ४-२ ने जिंकले. त्या वर्षी वर्ल्ड सीरिजही त्यांनीच जिंकली. त्यानंतरची त्यांना १०८ वर्षांनी, २०१६ मध्ये मिळाली.

काटेकोर बोलायचं तर हा फोर्स आउट आहे, अपील प्ले नाही. पण गाभा तोच आहे. नियम होता, सगळे तो मोडत होते, आणि कोणी विचारत नव्हतं म्हणून तो नसल्यासारखाच होता. एव्हर्सने पहिल्यांदा विचारलं तेव्हा हाती काही लागलं नाही, पण ओडे पुढच्या वेळी दुसऱ्या बेसकडे बघायला लागले. नाकारलेलं अपीलही वाया जात नाही ते असं.

किंमत मात्र मर्कलने मोजली. पुढे तो बरीच वर्षं खेळला, पण 'बोनहेड' हे नाव त्याला जन्मभर चिकटलं. चूक सगळ्यांची होती, विचारलं गेलं त्याच्याबाबतीत.

ज्याचं नाव शिवी झालं

क्रिकेटमध्ये उलट झालं. इथे बदनाम झाला तो विचारणारा.

१३ डिसेंबर १९४७, सिडनी. भारत स्वतंत्र होऊन जेमतेम चार महिने झाले होते. आमचं परभणी तर अजून निजामाच्याच राज्यात होतं, मुक्त व्हायला आणखी नऊ महिने होते. लाला अमरनाथांचा संघ ऑस्ट्रेलियात दुसरी कसोटी खेळत होता. विनू मंकड गोलंदाजी करत होता आणि नॉन-स्ट्रायकर बिल ब्राउन चेंडू सुटायच्या आत क्रीज सोडून पुढे जात होता. विनूने चेंडू न टाकता बेल्स उडवल्या, अपील केलं, पंचाने बाद दिलं. त्याच दौऱ्यातल्या आधीच्या एका सामन्यात विनूने ब्राउनला इशारा दिला होता, आणि तरीही तो ऐकेना तेव्हा असंच बाद केलं होतं. म्हणजे ब्राउनला काही नवीन नव्हतं.

असा बाद पहिल्यांदा विनूनेच केला असंही नाही. नॉटिंगहॅमशरच्या टॉमस बार्करने १८३५ मध्येच हे केलं होतं. पण त्याच्या नावावरून क्रियापद झालं नाही. 'मंकडिंग' झालं. ऑस्ट्रेलियाच्या काही वर्तमानपत्रांनी खिलाडूवृत्तीचा प्रश्न काढला. डॉन ब्रॅडमन स्वतः समोरच्या संघाचे कप्तान होते. त्यांनी नंतर आपल्या पुस्तकात विनूची बाजू घेतली. चेंडू सुटेपर्यंत फलंदाजाने जागेवर राहायचं असा नियम आहे, मग दोष गोलंदाजाला का, असा त्यांचा मुद्दा.

बेसबॉलच्या माणसाला हा वाद सांगून बघा, त्याला कळणारच नाही. तिथे रनर बेस सोडून पुढे सरकतो हे उघड असतं, आणि पिचर वळून बेसवर बॉल फेकतो हेही. फेकला, सापडला, आउट. पिचरला कोणी शिव्या देत नाही. रनरचं चोरटं पाऊल आणि पिचरचं वळून फेकणं, दोन्ही खेळाचाच भाग. फक्त पिचरने खोटी हालचाल करायची नाही, तिथे बॉक आहे आणि अंपायरचे डोळे आहेत. क्रिकेटमध्येही नियम जवळपास हाच होता, पण शिष्टाचार वेगळा. धावेची चोरी करणारा सभ्य, आणि ती दाखवून देणारा असभ्य.

विनू मंकड जामनगरचा, पुढे मुंबईकडून रणजी खेळला आणि १९७८ मध्ये मुंबईतच वारला. १९५२ मध्ये लॉर्ड्सवर त्याने एकाच कसोटीत ७२ आणि १८४ धावा काढल्या आणि पहिल्या डावात ७३ षटकं टाकून पाच बळी घेतले. १९५६ मध्ये मद्रासला पंकज रॉयबरोबर ४१३ धावांची सलामी दिली, जो विक्रम बावन्न वर्षं टिकला. हे जगाला नीट आठवत नाही. त्याचं नाव जगभर निघतं ते एका अपीलसाठी. हे त्याच्या नावाला कमीपणा आणणारं आहे, असं सुनील गावसकर वर्षानुवर्षं सांगत आले आहेत.

न विचारणाऱ्याचं मात्र कौतुक झालं. १९८७ च्या विश्वचषकात लाहोरला पाकिस्तानचा शेवटचा फलंदाज सलीम जाफर असाच पुढे गेला होता. कोर्टनी वॉल्शने त्याला बाद न करता इशारा दिला. पाकिस्तान एका गड्याने जिंकलं, वेस्ट इंडिज उपांत्य फेरी गाठू शकलं नाही. वॉल्शची पाठ सगळ्यांनी थोपटली.

वानखेडेवर मागे घेतलेलं अपील

आता मुंबईची गोष्ट. फेब्रुवारी १९८०, वानखेडे स्टेडियम. भारतीय क्रिकेट मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त इंग्लंडविरुद्ध एकच कसोटी होती. कप्तान गुंडप्पा विश्वनाथ. भारताच्या २४२ धावा झाल्या होत्या. इंग्लंडचे पाच गडी ५८ धावांत गेले होते. इयन बोथमच्या जोडीला यष्टिरक्षक बॉब टेलर आला.

कपिल देवच्या चेंडूवर टेलरविरुद्ध यष्टीमागे झेलाचं अपील झालं. पंच हनुमंत राव यांनी बोट वर केलं. टेलर घुटमळला, बॅट लागली नाही असं त्याच्या वागण्यातून दिसत होतं. विश्वनाथ स्लिपमध्ये उभा होता. त्यालाही खात्री वाटली नाही. तो पंचांकडे गेला, अपील मागे घेतलं आणि टेलरला परत बोलावलं.

टेलर आणि बोथमने १७१ धावांची भागीदारी केली. टेलरच्या ४३, बोथमच्या ११४. बोथमने सामन्यात तेरा बळीही घेतले. इंग्लंड दहा गड्यांनी जिंकलं.

या प्रसंगाकडे मोठ्या मनाची गोष्ट म्हणून बघितलं जातं, आणि ती आहेच. पण नियमाच्या बाजूने बघितलं तर तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. विश्वनाथने पंचाचा निर्णय फिरवला नाही, आपला प्रश्न परत घेतला. प्रश्नच नाही म्हटल्यावर उत्तरही उरत नाही. आजच्या नियमातही ही वाट आहे. कप्तान अपील मागे घेऊ शकतो, पण पंचाच्या संमतीने आणि पुढचा चेंडू खेळात येण्याआधी. म्हणजे विचारण्याचा हक्क ज्याचा, सोडून देण्याचा हक्कही त्याचाच. विश्वनाथचा मोठेपणा खरा ठरतो, कारण त्याच्या हातात सोडण्यासारखं काही होतं. ज्याला विचारताच येत नाही, त्याच्या गप्प बसण्याला मोठेपणा म्हणता येत नाही.

२१ फेब्रुवारी २०१२ ला ब्रिस्बेनला पुन्हा असंच झालं. अश्विनने श्रीलंकेच्या लाहिरू थिरिमानेला नॉन-स्ट्रायकरच्या टोकाला धावबाद केलं आणि अपील केलं. पंचांनी कप्तान सेहवागला विचारलं, अपील कायम आहे ना? सेहवाग आणि सचिन तेंडुलकर बोलले आणि अपील मागे घेतलं. भारत तो सामना हरला. दहा वर्षांनी, २४ सप्टेंबर २०२२ ला लॉर्ड्सवर दीप्ती शर्माने इंग्लंडच्या चार्ली डीनला तसंच बाद केलं. सांगलीच्या स्मृती मंधानाने त्या सामन्यात अर्धशतक केलं होतं, झूलन गोस्वामीचा तो शेवटचा सामना होता. या वेळी अपील मागे घेतलं नाही. भारत १६ धावांनी जिंकला. इंग्लंडमध्ये पुन्हा खिलाडूवृत्तीची चर्चा सुरू झाली.

पण पुढच्याच आठवड्यात, १ ऑक्टोबर २०२२ पासून, नवे नियम लागू झाले. हा बाद 'गैर खेळ' या कलमातून काढून साध्या 'धावबाद'च्या कलमात ठेवला गेला. विनूने सिडनीला जे मागितलं होतं ते मागण्यात गैर काही नाही, हे कागदावर यायला जवळजवळ पंच्याहत्तर वर्षं लागली.

बॉल कोणाच्या हातात

भाचीला हे सगळं सांगितलं. तिला मर्कलची गोष्ट आवडली, १७४४ ची दोन कलमंही तिने लक्ष देऊन ऐकली. पण तिचा मूळ प्रश्न तिने सोडला नाही. "ते ठीक आहे मामा, पण दिसूनही गप्प बसणं बरोबर आहे का?"

मैदानावर बरोबर आहे, असं मला आता वाटतं. तिथे दोन्ही संघ सारखेच. दोघांना नियम माहीत असायला हवा, दोघांचे डोळे उघडे असायला हवेत. समोरच्याची चूक पकडणं हाही खेळाचा भाग आहे, आणि अंपायरने ती आयती हातात दिली तर तो एका संघाचा अकरावा-बारावा गडी होऊन बसेल. शिवाय गप्प बसायची परवानगी त्याला काही ठरावीक गोष्टींपुरतीच आहे. बॉल हातात असलेल्यावर त्याने न विचारता लक्ष ठेवायचं आहे. एक नियम दुसऱ्याच्या आधारावर उभा आहे.

मैदानाबाहेर मात्र आपण यातला एकच नियम उचलला. आमच्या गावात सोयाबीन काढून ठेवलं आणि त्यावर पाऊस पडला, किंवा उभं पीक पाण्यात गेलं, तर पंतप्रधान पीक विमा योजनेत २०२५ च्या खरिपाआधीपर्यंत ते ७२ तासांच्या आत कळवावं लागायचं. २०१६ पासून ही योजना आहे. पाऊस सगळ्या गावाने पाहिलेला असतो. पाणी साचलेलं रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही दिसतं. पण ते दिसणं पुरायचं नाही, मागणी लागायची, रीतीने लागायची आणि मुदतीत लागायची. तीन दिवस नेटवर्क नसलं, ॲप उघडलं नाही, वडलांना फोन चालवता आला नाही, की पुढचा बॉल पडायचा. नंतर कोणीतरी शांतपणे सांगायचं, "दिसलं होतं की. तुम्ही विचारलंच नाही."

पण इथे दोन्ही संघ सारखे नाहीत. सुरुवात कोणी करायची, फॉर्म कसा असायचा, मुदत किती, हे ज्याच्या हातात आहे, बॉल त्याच्या हातात आहे. क्रिकेटच्या पहिल्या नियमावलीला कळलं होतं की त्याच्यावर न विचारता नजर ठेवावी लागते. तेवढं कलम आपण मैदानातच विसरून आलो.

तोवर विचारायला शिकणं एवढंच हातात आहे. भाचीच्या संघाने आता सरावात अपीलही घालून घेतलं आहे. बॉल घ्यायचा, बेसवर पाय ठेवायचा, अंपायरकडे बघून मोठ्याने सांगायचं. पहिले काही दिवस पोरी हसत होत्या, कोणाचा आवाजच निघत नव्हता.

परवा तिने विचारलं, "मामा, आपण अपील केलं आणि आपलंच चुकलं असलं तर?"

"तर अंपायर नाही म्हणतील. रनर सेफ."

"बस, एवढंच?"

"एवढंच."